गारवळचे बारा दोर

गारवळची खिंड चढून वर आलं की उजव्या हाताला काळ्या दगडाचं एक लहानसं देऊळ लागतं. ख्रिस्ती लोकांचं देऊळ. कागदोपत्री त्याला मेथडिस्ट चर्च म्हणतात, पण गावात देऊळच म्हणायची रीत आहे. भिंती हातभर रुंद, खिडक्या बारीक, वर पत्र्याचं छप्पर. आणि त्या छपरावरून, एका अंगाच्या जमिनीपासून दुसऱ्या अंगाच्या जमिनीपर्यंत, बारा जाड दोर टाकून आवळलेले. प्रत्येक दोराची दोन्ही टोकं जमिनीत पुरलेल्या दगडी खुंटांना बांधलेली. लांबून पाहिलं तर बाजारातून आणलेलं गाठोडं कोणी माळावर ठेवून गेलंय असं वाटतं.

जूनमध्ये पावसाचं आर्द्रा नक्षत्र लागायच्या आधीच्या रविवारी इथं दोर आवळतात. सगळी मंडळी देवळाच्या दोन्ही अंगांना दोर धरून उभी राहते आणि एक गाणं म्हणते. गाण्याची कडवी तीन. तिसऱ्या कडव्यात 'नको मला दोर' असं येतं. ते म्हणून झालं की लगेच सगळे खाली बसतात आणि मुकाट्यानं दोर आवळायला लागतात. मुंबई-नाशकाकडचे पाहुणे हे पाहून हसतात. दर वर्षी हसतात. तोंडानं दोर नको म्हणायचं आणि हातानं गाठ मारायची, ही कसली भक्ती, असं विचारतात. विचारलं तर सांगायला हवं. पण ही गोष्ट सावकाश ऐकायची आहे. घाईनं ऐकल्यामुळंच ती घडली.

असं सांगतात की आगगाडीचा घाट होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली असतील, तेव्हा गारवळात भागूजी ओहोळ नावाचा एक माणूस होता. दोर वळायचे आणि घरं शाकारायची, हा त्याचा धंदा. शाकारायचं म्हणजे पावसाळ्याआधी छपरावर नवं गवत चढवून ते बांधून घ्यायचं. ज्या घरांचा उंबरा त्याला ओलांडू देत नसत, त्याच घरांच्या डोक्यावर तो वैशाखभर बसलेला असे. त्याची बायको चिमाबाई. ती अंबाडी कुजवायची, झोडायची आणि तिचे दोर वळायची. तिच्या दोराला पंचक्रोशीत नाव होतं. भागूजी म्हणायचा, "मी नुसता बांधतो. धरून ठेवतो तो चिमीचा दोर."

दोघांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पाद्र्यानं वहीत त्याचं नाव बार्थलमय असं लिहिलं. ते त्याला स्वतःलाच कधी धड म्हणता आलं नाही, म्हणून तो भागूजीच राहिला.

पाद्री विटकमसाहेब. भला माणूस होता. त्यानं हे देऊळ बांधायला घेतलं. भिंती उभ्या राहिल्या आणि छपराचा विषय निघाला. साहेबानं मुंबईहून आगगाडीनं पत्रे मागवले होते. भागूजीनं एका पत्र्याला बोटानं टिचकी मारली, तो उचलून पाहिला, आणि परत ठेवला.

"साहेब, हे उडणार."

"आपण खिळे मारू, भागूजी."

"खिळ्यासकट उडणार."

म्हणे तीन दिवस तो साहेबाला समजावत होता. या खिंडीतला वारा वरून येत नाही, खालून येतो. दरीतून चढतो, वळचणीखाली हात घालतो आणि छप्पर उचलतो. गवत त्याला वाट देतं, पत्रा देत नाही. साहेबानं सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि पत्रेच घातले. कारण पत्रे आले होते. आलेली वस्तू परत पाठवायची कशी? शेवटी एवढंच कबूल झालं की वरून बारा दोर टाकायचे आणि दर वर्षी आर्द्रेच्या आधी ते आवळायचे. भागूजीच्या मनाला ते पटलं नाही. पण त्याचं बोलणं अर्धं तरी ऐकलं गेलं होतं, आणि त्या काळी त्याच्यासारख्याला अर्धं म्हणजेही पुष्कळ होतं.

भागूजीला एक खोड होती. छपरावर बसला की तो गाणी जुळवायचा. अक्षर येत नव्हतं, पण ताल हातात होता. गाठ मारायची, ओळ म्हणायची, पुढं सरकायचं. साहेबानं ते ऐकलं होतं. एक दिवस त्यानं भागूजीला येशूच्या शिष्यांची होडी वादळात सापडल्याची आणि येशूनं वाऱ्याला दटावून गप्प केल्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "देऊळ उघडायच्या दिवशी आपण यावर तुझं गाणं म्हणू."

भागूजीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. होडीही पाहिली नव्हती. पण वारा पाहिला होता. देवळाच्या आढ्यावर बसून बारा दोर टाकता टाकता त्यानं गाणं केलं ते असं:

सुटला वारा, बुडाली वाट,
उंच कड्याहून उंच ही लाट,
धरला तुझा हात रे प्रभू,
धरला तुझा हात.

उडाले गवत, वाकला वासा,
उरला एक तुझा भरवसा,
सोडू नको हात रे प्रभू,
सोडू नको हात.

भरले आभाळ, लागला घोर,
नको मला काठी, नको मला दोर,
पुरे तुझा हात रे प्रभू,
पुरे तुझा हात.

घरी येऊन त्यानं ते चिमाबाईला म्हणून दाखवलं. ती दोर वळत होती. दोन कडवी तिनं मान हलवत ऐकली आणि तिसऱ्याला थांबली.

"अवो, दोरावर पोट हाय आपलं. आन देवाला सांगताय दोर नको म्हून?"

"अगं, घोराला दोर जुळतोय. गाणं हाय ते."

"मंग घोराला पोर जुळवा, मोर जुळवा. कायबी जुळवा. हे नगं."

"तुला गाण्यातलं काय कळतंय?"

"गाण्यातलं न्हाई कळत," ती म्हणाली. "माणसांतलं कळतंय."

भागूजी हसला. पुढं आयुष्यभर त्याला ते हसणं बोचत राहिलं, असं सांगतात.

देऊळ उघडलं, गाणं म्हटलं गेलं, आणि गाण्याला पाय फुटले. खालच्या वाड्यांतून ते गेलं, आगगाडीच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया ते म्हणू लागल्या, जात्यावर ते बसलं. साहेबानं खूश होऊन ते गीतांच्या पुस्तकासाठी शहरातल्या मंडळीकडे पाठवलं. तिकडून उत्तर आलं की गाणं चांगलं आहे, पण अपुरं आहे. वादळ सुटलं, पण शमलं कुठं? चौथं कडवं जोडून पाठवा. त्यात वारा थांबावा आणि होडी किनाऱ्याला लागावी.

भागूजी चौथ्या कडव्याला बसला. एक महिना गेला, दोन गेले. ओळी यायच्या, पण म्हणून पाहिल्या की खोट्या वाटायच्या. तो साहेबाला म्हणाला, "ह्या खिंडीत वारा थांबलेला म्या कधी पाह्यला न्हाई, साहेब. तो दमतो. आन पुढच्या साली परत येतो." साहेब म्हणाला, "असू दे, सुचेल." पण सुचलं नाही, आणि न सुचलेली ती चार ओळींची जागा त्याला दाढेत अडकलेल्या काडीसारखी सलत राहिली.

दोन पावसाळे गेले. दोर आवळलेले होते, छप्पर जागचं हललं नाही. आता मेथडिस्टांचा नियम असा की पाद्री एका जागी फार वर्षं ठेवायचा नाही. विटकमसाहेबाची बदली झाली. दोर का टाकले, कोणी सांगितले, केव्हा आवळायचे, हे पाद्र्याकडचं सगळं ज्ञान त्याच्याबरोबर टांग्यात बसून निघून गेलं.

त्याच्या जागी एलीशा आढाव नावाचा उपदेशक आला. लोक त्याला आढाव मास्तर म्हणत. तरणा, गोड गळ्याचा, मनानं निर्मळ. पण गोदाकाठच्या सपाटीवर वाढलेला. घाटाचा वारा त्याला ऐकूनही माहीत नव्हता. त्याला भागूजीचं गाणं इतकं आवडलं की तो दर उपासनेत ते घ्यायचा, आणि तिसरं कडवं दोनदा.

याच सुमारास मंगळवारच्या बाजारात म्हादू न्हाव्यानं चेष्टा केली. म्हादू जिभेचा तिखट. देवळातली चार माणसं मीठ-मिरची घ्यायला आली होती, त्यांना पाहून तो वस्तरा परजत म्हणाला, "काय वो येशूची मंडळी! तुमचा देव म्हणं वाऱ्याला दटावतो आन वारा गुमान बसतो?"

"बसतो की," एकजण म्हणाला.

"मंग त्याच्या घरावर दोर कशाला? देवाला दावं लावलंय का काय, सुटून जाईल म्हून?"

सगळा बाजार हसला. शिव्या त्या माणसांनी पुष्कळ खाल्ल्या होत्या, दगडही खाल्ले होते. पण हे हसणं त्यांना गिळता येईना. ते उत्तर शोधत घरी आले, आणि उत्तर त्यांना आपल्याच गाण्यात सापडलं.

तो रविवार आर्द्रेच्या आधीचा होता. भागूजी खांद्यावर दोर पिळून आवळायची लाकडी मेख घेऊन आला होता. उपासना झाली की उद्याच्या कामाची पाहणी करावी म्हणून. मास्तरांनी भरवशावर उपदेश केला. मग गाणं झालं. तिसरं कडवं एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं, आणि म्हणे लोक म्हणता म्हणताच उठून बाहेर गेले. भागूजी मागून बाहेर येतो तो काय, दोन खुंट मोकळे झालेले.

"अरे, काय करताय?"

"तात्या, आपलं ठरलंय," लोक म्हणाले. "देवाच्या घराला दावं नको."

"दावं न्हाई रं ते! छप्पर हाय वर! मास्तर, तुम्ही तरी सांगा."

मास्तर शांतपणे म्हणाले, "भागूजीबुवा, दोर म्हणजे संशय."

"मास्तर, दोर म्हणजे दोर."

"तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. नको मला काठी, नको मला दोर."

"ते मी आढ्यावर बसून म्हटलंय! दोर बांधता बांधता म्हटलंय!"

पण तेवढ्यात कोणीतरी पुन्हा गाणं सुरू केलं. भागूजी काहीतरी बोलत होता, आणि त्याचेच शब्द चाळीस तोंडांतून येऊन त्याच्या बोलण्यावर पडत होते. दुसऱ्याच्या शब्दाला शब्द देता येतो. स्वतःच्या शब्दाला काय देणार? तो एका खुंटावर हात दाबून बसून राहिला. लोकांनी मोठ्या प्रेमानं त्याचा हात उचलून बाजूला केला आणि ती गाठही सोडली.

चिमाबाई लांब उभी होती. सोडलेले दोर तेवढे तिनं गोळा करून वेटोळी घालून ठेवले.

सोमवारी भागूजी मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणाले, बुधवारच्या प्रार्थनेच्या वर्गात बोलू. बुधवारी वर्गात तो बोलला. वारा खालून कसा येतो ते हातानं करून दाखवलं. लोकांनी आदरानं ऐकलं, "तात्यांचा भरवसा डळमळलाय" म्हणून त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि प्रार्थनेनंतर त्याचंच गाणं म्हटलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "चिमे, मी मुका असतो तर बरं झालं असतं."

गुरुवारी दिवस दोन हात कलला असेल, तेव्हा दरीतून वारा चढला. आधी खालच्या रानात गाड्या धडधडाव्यात तसा आवाज आला आणि मग खिंड वाजायला लागली. भागूजी आणि चिमाबाई दोर डोक्यावर घेऊन धावत वर आले. देवळात मास्तर आणि पंधरा-वीस माणसं गुडघे टेकून होती. वर पत्रे सुपासारखे वाजत होते.

भागूजी दारातून ओरडला, "बाहेर या! दोर धरा! मला दोन माणसं द्या नुसती!"

आतले लोक आणखी मोठ्यानं प्रार्थना करू लागले. त्यांना वाटलं, तात्याही आपल्याबरोबर देवाचा धावा करतोय.

मग दोघांनीच दोर टाकायला घेतले. टोकाला धोंडा बांधून भागूजी तो आढ्यावरून पलीकडं फेकायचा, चिमाबाई पलीकडून ओढून खुंटाला बांधायची. वाऱ्यात धोंडा परत यायचा. पाचांत एकदा पलीकडं जायचा. तीन दोर झाले. चौथ्या दोराचं टोक चिमाबाईनं खुंटाला वेढा देण्यासाठी ओढलं, जोर पुरेना म्हणून हातालाच एक वेढा घेतला, आणि त्याच घडीला छप्पर उठलं. पाखरानं पंख उघडावेत तसा पत्रा उघडला. दोर धावला. तिच्या उजव्या हाताची चार बोटं घेऊन गेला. तिनंच वळलेला दोर होता तो, तुटला नाही.

पत्रे दरीत गेले. भिंती दगडी म्हणून आतली माणसं वाचली, नुसती भिजली. मान वर करून त्यांनी पाहिलं तर डोक्यावर आभाळ. चिमाबाईची किंकाळी त्यांना मग ऐकू आली.

जखमा बांधायचं काम तेव्हा न्हाव्याकडं असे. म्हादू पावसात धावत आला. हळद, फडकी, तेल, सगळं घेऊन. त्या दिवशी त्यानं शिवाशीव पाहिली नाही. हात बांधता बांधता तो रडकुंडीला आला.

"चिमाबाय, मी चेष्टा केली वो. चेष्टेपायी कोण छप्पर सोडतं का?"

चिमाबाई दात आवळून म्हणाली, "आमची माणसं सोडत्यात."

दुसऱ्या दिवशी मास्तर भागूजीच्या दारात येऊन बसले. "मी जातो इथून," म्हणाले. भागूजी म्हणाला, "तुम्ही गेलात तर नवा येईल. त्याला परत पहिल्यापास्नं सांगावं लागंल. तुम्ही ऱ्हावा." आणि मग म्हणाला, "पण ते गाणं म्हणायचं न्हाई. कुणीच न्हाई."

लोकांनी कबूल केलं, आणि पाळलंही. पण गाणं का लोकांच्या हातात असतं? पहाटे शेजारच्या जात्यावर ते उठायचं आणि मध्येच जीभ चावल्यासारखं थांबायचं. आगगाडीच्या रस्त्यावरच्या बायांना तर गारवळात काय झालं याचा पत्ताच नव्हता; त्या खुशाल म्हणायच्या, 'नको मला दोर.' भागूजी वाट बदलून जायचा. बांधलेलं छप्पर उतरवता येतं, मारलेली गाठ सोडवता येते. तोंडातून गेलेलं गाणं परत आणता येत नाही, हे त्याला तेव्हा कळलं म्हणे.

मग त्यानं ती ओळ बदलायला घेतली. 'हवा मला दोर' असं करून पाहिलं. म्हणून दाखवलं तर चिमाबाईलाच हसू फुटलं. तिसरं कडवं काढून टाकू म्हणाला, तर गाणं लंगडं व्हायचं. मग पुन्हा चौथ्या कडव्याला बसला. त्यात सगळं नीट सांगू म्हणाला. दोर बांधा, भरवसाही ठेवा. ते गाणं होईना, ताकीद व्हायची. त्यात शहरातून पुन्हा चिठ्ठी आली: पुस्तक छापायला जात आहे, चौथं कडवं राहिलं आहे, वादळ कृपा करून शमवा. मास्तरांनी ती वाचून दाखवली. भागूजी शांत माणूस, पण म्हणे त्या दिवशी त्यानं हातातली मेख अंगणात फेकून दिली. "त्यांना म्हणावं, इथं येऊन शमवा!"

वर्ष तसंच गेलं. देवळात डोक्यावर आभाळ घेऊन उपासना चालली. शहरातल्या मिशनच्या नव्या साहेबानं पुन्हा पत्रेच पाठवले. भागूजीनं 'गवत' हा शब्दही काढला नाही. पत्रे चढवले. आता प्रश्न दोरांचा. चिमाबाईच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला होता. तिनं सहा घरच्या बायांना बसवून वळायला शिकवलं, आणि शिकवताना असं काही बोलली की दोन बाया रडत घरी गेल्या. "हा दोर हाय का शेवया?" असं विचारायची. वळलेलं उसवायला लावायची. गेल्या वर्षी तिला राग आला नव्हता, तो सगळा यंदा आला.

मास्तरांनी दिवस ठरवला रविवारचा. रविवारी काम करू नये हे त्यांनीच शिकवलेलं. पण ते म्हणाले, "सोडले रविवारीच. बांधू पण रविवारीच. दोष माझ्यावर."

दोर पलीकडं टाकून झाले. दोन्ही अंगांना माणसं टोकं धरून उभी राहिली. बारा दोर एकदम ओढायचे तर ताल लागतो. आणि त्या लोकांना ओढायचा ताल माहीत होता तो एकच. कोणाच्या तोंडून निघालं कळलं नाही, पण 'सुटला वारा' सुरू झालं.

भागूजी धावत आला. "थांबा! म्हणू नका! सांगितलं होतं ना!"

"म्हणू द्या," चिमाबाई म्हणाली.

"चिमे, तिसरं येतंय पुढं."

"येऊ दे की. मला ठावं हाय काय येतंय."

आणि तिसरं कडवं तीच म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं. 'नको मला काठी, नको मला दोर.' डाव्या हातात दोराचं टोक धरून, उजवा थोटा हात त्यावर दाबून म्हणाली. भागूजीला वाटलं, ती आपल्याला शिक्षा करतेय. पण कडवं संपलं तशी ती मास्तरांकडं वळली आणि टोक पुढं केलं.

"माझ्यानं गाठ बसत न्हाई. बांधा."

मास्तर खाली बसले. सगळे बसले. कोणीतरी पुढं बोलायला लागलं तशी चिमाबाई ओरडली, "तोंड मिटा. गाठीकडं बघा." मग कोणी बोललं नाही. एका कडव्याला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ दोर आवळल्याचा आवाज तेवढा होता. भागूजी एकेक खुंट पाहत फिरला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला कोणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

चिमाबाईनं मास्तरांची गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली.

"सैल हाय."

"मी पुन्हा मारतो."

"तुमची एकट्याची न्हाई. ह्या अंगाच्या निम्म्या सैल हायत. गाणं म्हणताना डोळे मिटून उभं ऱ्हायलं की असंच व्हतं. सोडा समदे. पहिल्यापास्नं."

"पहिल्यापासून म्हणजे गाणंसुद्धा?"

"मंग काय नुसतं ओढणार?"

असं सांगतात की त्या दिवशी गाणं पाच वेळा झालं. वारा सुटला होता, पाऊस आडवा येत होता, माणसं चिखलात बसून चिडली होती, एकमेकांना बोलत होती, आणि बाई पुढं सरकू देत नव्हती. पाचव्या वेळी तिनं चोवीस गाठी दाबून पाहिल्या आणि काहीच न बोलता निघून गेली. तेव्हा लोकांना कळलं की झालं.

संध्याकाळी मास्तर कागद घेऊन भागूजीकडं आले. शहरात उत्तर द्यायचं होतं. "चौथ्या कडव्याचं काय लिहू?" त्यांनी विचारलं.

भागूजी हातावरचा चिखल पुसत होता. मग म्हणाला, "लिहा की चौथ्या कडव्याला हात मोकळे नव्हते."

मास्तरांनी तसंच लिहिलं, असं म्हणतात. शहरात त्याचा काय अर्थ लागला देव जाणे. छापील पुस्तकात आता त्या गाण्याला चौथं कडवं आहे. त्यात वारा थांबतो आणि होडी किनाऱ्याला लागते. कोणी जोडलं ते माहीत नाही. ओळी चांगल्या आहेत. दुसऱ्या गावांतून म्हणतात. इथं म्हणत नाहीत.

आजही आर्द्रेच्या आधीच्या रविवारी तीन कडवी म्हणून माणसं खाली बसतात आणि कोणी बोलत नाही. मग जी सगळ्यांत म्हातारी असेल ती बाई उठते आणि अंगठ्यानं चोवीस गाठी दाबत जाते. इतकी वर्षं झाली, बापानं मुलाला आणि सासूनं सुनेला शिकवलं, तरी एक ना एक गाठ सैल निघतेच. यंदाही निघाली. म्हातारी कंबरेवर हात ठेवून म्हणते, "सोडा समदे," आणि भिजलेली, वैतागलेली सगळी मंडळी उठून पुन्हा दोर धरते.